कदमांचा कणा

"कदम मोडेल, पण वाकणार नाही!"

हे वाक्य अंशुल कदमने ग्वाल्हेरच्या थाटीपुरातल्या आपल्या सरकारी क्वार्टरमध्ये, पलंगाखाली डोकं घालून डावी चप्पल शोधताना उच्चारलं. त्यामुळे ते गादीतून गाळून आल्यासारखं ऐकू आलं. पण गरिमाला ते पाठच होतं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि हे वाक्य आठवड्यातून सरासरी चारदा व्हायचं. दसरा जवळ आला की सहादा.

"कुणासमोर म्हणे नाही वाकणार?" मटार सोलता सोलता तिने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं, पण नवऱ्याला बोलायला जागा द्यावी लागते.

"काकासाहेबांसमोर!"

काकासाहेब म्हणजे जगदेवराव कदम. अंशुलचे सख्खे काका. राहणार सराफा बाजारामागची गल्ली, वय चौऱ्याहत्तर, मिशी त्याहून दहा वर्षांनी थोरली वाटावी अशी. कदमांचे पूर्वज दख्खनेतून तलवार घेऊन ग्वाल्हेरला आले. आता ती तलवार वर्षातून एकदा, दसऱ्याला, बाहेर निघते आणि उरलेले दिवस खोबरेल लावून झोपते. मुजरा मात्र अजून जागा आहे. दसऱ्याला धाकट्याने थोरल्यासमोर कमरेत वाकायचं आणि उजवा हात खालून कपाळापर्यंत न्यायचा. तीनदा. दोनदा केला तर काकासाहेब म्हणणार, "अर्धाच राहिला."

तीन वर्षांपूर्वी अंशुल आपली जुनी मोटरसायकल टकटकवत दसऱ्याला पोचला आणि काकासाहेबांनी भर ओट्यावरून विचारलं, "अंशुल, ही मोटरसायकल आहे की शिलाई मशीन?"

बत्तीस माणसं हसली. अंशुलने मोजली होती.

"शब्द मागे घेतल्याशिवाय मुजरा नाही!" तो म्हणाला.

"मुजरा केल्याशिवाय तोंड पाहणार नाही!" ते म्हणाले.

झालं! तेव्हापासून गरिमा आणि शांताकाकू भाजीबाजारात कोबीच्या ढिगाआड चोरून भेटत, एखाद्या प्रेमी जोडप्यासारख्या. काकूच सांगायच्या, की काकासाहेब दर दसऱ्याला अंशुलचं ताट मांडायला लावतात. आणि सगळे जेवून उठले की स्वतःच गुरगुरतात, "उचला ते!"

हे गरिमाने अंशुलला सांगितलं होतं. त्याने अर्धा दिवस जुनी मोटरसायकल पुसली. मग म्हणाला, "तरी पण शब्द मागे घ्यायला हवा."

आता शब्द मागे घ्यायला लावण्याची युक्ती त्याला सापडली होती. स्पोर्ट्स बाइक! लालभडक, पुढून ससाण्यासारखी, मागून विंचवासारखी. तिच्यावरून काकांच्या दारात उतरायचं आणि विचारायचं, "काकासाहेब, काही शिवून घ्यायचंय?" बस! एवढं एकच वाक्य. आठ दिवस आरशासमोर तालीम चालली होती.

निर्णय घाईत नको म्हणून त्याने कॅलेंडरच्या मागे दोन रकाने आखले. 'का घ्यावी' यात लिहिलं: आवाज. रूप. काकांचं नाक. 'का घेऊ नये' हा रकाना गरिमाने भरला: मागची सीट म्हणजे वाळलेली पोळी. भाजीची पिशवी कुठे? घरापासून ऑफिसपर्यंत गतिरोधक अकरा. तुमची कंबर, वय वर्षं बेचाळीस.

शेवटची ओळ अंशुलने खोडली. "कंबर कदमांची आहे!"

"म्हणूनच लिहिलं," गरिमा म्हणाली.

रविवारी सकाळी तो इंदरगंजातल्या शोरूममध्ये हजर झाला. ध्रुव नावाच्या विक्रेत्याने त्याला वरून खाली एकदा पाहिलं आणि काय विकायचं ते ओळखलं.

"सर, एक बार बैठके तो देखिए! बिलकुल चीता!"

अंशुल बसला. बसला म्हणजे काय, साष्टांग नमस्कार घालता घालता कुणीतरी मध्येच 'थांब' म्हणावं तसा पालथा पसरला. छाती टाकीवर, ढुंगण आभाळाला. ध्रुवने डोक्यावर शोरूमचं हेल्मेट चढवून त्याचा पट्टा खटकन लावला. "एक घंटा, सर. आपकी पुरानी गाडी यहीं रहेगी."

चार सेकंदांत शंभरी गाठणाऱ्या त्या गाडीला इंदरगंज चौक ओलांडायला चाळीस मिनिटं लागली. पुढे ई-रिक्षा, मागे ई-रिक्षा, मध्ये रवंथ करणारी गाय. एक केळीवाला हातगाडी घेऊन अंशुलच्या पुढे गेला. मग तो सगळी केळी विकून परत आला, तेव्हा अंशुल तिथेच होता!

"भाईसाहब, कुछ गिर गया क्या?" त्याने काळजीने विचारलं. माणूस इतका खाली वाकून काय शोधतोय, असं त्याला वाटलं असणार.

अंशुलने दात आवळले. सरळ बसावं तर हँडल हाताला लागेना. कंबरेत एक मुंगी चालू लागली, मग दहा, मग मुंग्यांचं संमेलन भरलं. पण कदम मागे फिरतो काय?

अखेर सराफ्यामागची गल्ली आली. काकांच्या दारात त्याने गाडी अशी गुरगुरवली, की समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईच्या हातातून चाळण पडली. खिडक्या उघडल्या. ओट्यावर काकासाहेब आले. मागून शांताकाकू, हातात लाटणं.

हाच तो क्षण! अंशुलने ताठ उतरायचं ठरवलं. विंचवाच्या नांगीसारख्या त्या मागच्या भागावरून उजवा पाय उंच फिरवला, आणि...

कट्ट!

पाय जमिनीला लागला. पण वरचा अंशुल वर आलाच नाही. तो कमरेत काटकोनात राहिला, तोंड थेट काकांच्या पायांकडे. ओरडावं तर हेल्मेट! त्याची काच वर करायला उजवा हात कपाळाकडे नेला, कळ आली, हात खाली पडला. पुन्हा नेला, पुन्हा पडला. पुन्हा नेला.

तीनदा! रिवाजाप्रमाणे मोजून तीनदा!

"शांता," काकासाहेबांचा आवाज फुटला, "पोरगा वाकला गं."

"काऽऽ!" हेल्मेटमधून आवाज आला.

"रडतोय! उठ रे अंशुल, पोचला मुजरा. उठ."

अंशुल कसला उठतो!

काकासाहेबांची मिशी थरथरली. "समजलं. शब्द मागे घेतल्याशिवाय उठणार नाही. रक्त कुणाचं आहे! ऐका रे सगळे!" त्यांनी गल्लीला हाक दिली. "याची जुनी गाडी शिलाई मशीन नव्हती! मोटरसायकल होती!"

"थी! थी!" गल्लीने दुजोरा दिला.

तरी अंशुल काटकोनात.

"अजून काय हवं? बरं! यंदा दसऱ्याला तलवार तू धरायचीस!"

"ऊंऽऽ!"

"बघा, केवढा हट्ट! ये बाळा, मीच उठवतो." काकासाहेब ओट्यावरून उतरले, दोन्ही हात पसरून पुतण्याला धरायला वाकले, आणि...

कट्ट!

आता हेल्मेट आणि मिशी समोरासमोर. दोन काटकोन मिळून एक कमान झाली होती. गल्लीत टाळ्या पडल्या. "वाह! चाचा भी झुक गए! इसे कहते हैं खानदान!" पापडवाली मोबाइलवर व्हिडिओ काढू लागली.

शांताकाकूंनी दोघांकडे पाहिलं, लाटणं ठेवलं आणि तेलाची बाटली आणली. त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी हा कणा पन्नास वर्षं चोळला होता.

पट्टा काढून त्यांनी हेल्मेट उपसलं आणि अंशुलच्या कानात म्हणाल्या, "बोलायचं नाही हं. तीन वर्षं मी वाट पाहिलीय."

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ओळखीचा आवाज आला. टकटकटकटक! जुन्या मोटरसायकलवर ध्रुव आणि मागे गरिमा. तास उलटला म्हणून ध्रुवने तिला फोन केला होता, आणि नवरा कुठे असेल हे तिने विचार न करता सांगितलं होतं. तिने एका नजरेत सगळं पाहिलं: नवरा, चुलतसासरे, तेल. पदर तोंडाला लावला. गल्लीला वाटलं, बिचारीला भरून आलं.

कमानीच्या आत मात्र वेगळीच कुजबुज चालली होती.

"अंशुल," काकासाहेब पुटपुटले, "मला उठता येत नाहीये. कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगत."

"एवढं सांग. मनापासून वाकलास ना?"

अंशुलने मान जितकी वर होईल तितकी केली. काकांचे डोळे अगदी जवळ होते, आणि ओले होते. एक वाक्य बोललं असतं तर कदमांचा बाणा वाचला असता. पाठीवरचा काकूंचा तेलकट हात थांबला. गरिमाने पदराआडून डोळे वटारले.

"मनापासून, काकासाहेब," तो म्हणाला. "अगदी मणक्यापासून."

ताट त्या दिवशी मांडलं गेलं आणि कुणी उचललं नाही. दोघा कदमांनी आडवं पडूनच पुरणपोळी खाल्ली. संध्याकाळी अंशुल घरी निघाला तो शिलाई मशीनवर, म्हणजे मोटरसायकलवर, गरिमाच्या मागे, पाठीला लोड बांधून, झेंड्याच्या काठीसारखा ताठ. दोन रकान्यांपैकी दुसरा जिंकला होता. खोडलेल्या ओळीसकट.

ध्रुवला मात्र वाटलं होतं, गिऱ्हाईक गेलं. तसं झालं नाही. रात्री जेवणं आटोपायच्या आत काकासाहेबांनी, कुशीवर पडल्या पडल्या, सगळ्या भाऊबंदांना फोन लावले.

"महिपतराव, तुमचा शंतनु नमस्कार करत नाही म्हणता ना? इंदरगंजात शोरूम आहे. एक तास लाल गाडीवर बसवा त्याला. पोरं आपोआप वाकतात हो!"