शिंपी, दोन केळी आणि उस्तादांचं खातं

"माझ्या म्हातारपणाच्या ठेवीला या जगात कुणी हात लावू शकत नाही! चोर राहू द्या, चोराचा बापसुद्धा नाही!" उस्तादांनी न्हाव्याच्या खुर्चीत बसून, अर्ध्या दाढीला साबण असताना, जाहीर केलं.

"हलू नका, उस्ताद," न्हावी म्हणाला. "वस्तरा गळ्यापाशी आहे."

पण उस्ताद कसले गप्प बसतायत! उभा जन्म त्यांनी कुलपं दुरुस्त केली आणि किल्ल्या घासल्या. त्यांच्यासमोर तोंड मिटून बसेल असं कुलूप आसपासच्या दहा गल्ल्यांत नव्हतं. त्यांच्या धंद्याचे दोन नियम होते. पहिला, किल्ली बनवून दिली की तिचे दाते विसरून जायचे. गिऱ्हाईक पायरी उतरलं की डोकं पुसलेल्या पाटीसारखं कोरं! लक्षात ठेवणारा किल्लीवाला आणि चोर यांच्यात मग फरक तो काय राहिला? दुसरा नियम, लोक जिथे शोधतील तिथे किल्ली ठेवायची नाही.

दुकान विकण्याच्या थोडं आधी निवृत्तिनिधीच्या कंपनीने सगळी खाती मोबाइलवर आणली, तेव्हा उस्तादांनी हेच दोन नियम तिथे लावले. लेक म्हणाली होती, "बाबा, मी पासवर्ड लिहून ठेवते."

"लिहून ठेवायची ती वाणसामानाची यादी!" असं म्हणून उस्तादांनी तिच्याकडे पाठ फिरवली. त्यांना अक्षरं आली ती पन्नाशीनंतर. बायकोने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवून, कणीक मळता मळता शिकवली. त्यामुळे आपली अक्षरं दुसऱ्याने दाबलेली त्यांना मुळीच खपत नसे. कोंबडी दाणे टिपते तसं एका बोटाने एक अक्षर टिपायचं, मान वळवून मागे बघायचं, मग दुसरं टिपायचं, असं त्यांनी तासभर केलं.

मग मोबाइलने गुप्त प्रश्न विचारले. लहानपणीचा जवळचा मित्र कोण? आता हे तर अख्ख्या गल्लीला ठाऊक! म्हणजे पायपुसण्याखाली किल्ली ठेवण्यातलाच प्रकार. उस्ताद मिशीत हसले आणि त्यांनी सगळी उत्तरं धडधडीत खोटी लिहिली. मग पहिला नियम पाळून सगळं विसरून गेले. आणि काय चोख विसरले म्हणून सांगू! पुढे ते त्यांचं त्यांनाही सापडलं नाही.

त्या दिवशी न्हाव्याकडून निघाल्यावर उस्ताद पत्त्यांच्या अड्ड्यावर बसले आणि अंधार पडल्यावर घरी आले.

"कुठे होतात?" काकूंनी विचारलं. काकू म्हणजे उस्तादांच्या सौभाग्यवती. गल्लीने त्यांना दुसरं नाव ठेवलंच नव्हतं.

"शिंप्याकडे."

"काही खाल्लंत?"

"छे! दोन केळी."

काकूंनी त्यांच्या मिशीला लागलेल्या तेलाकडे पाहिलं आणि नुसतं "हं" म्हटलं.

तेवढ्यात दातांच्या डॉक्टरचा फोन आला. काकूंची कवळी तयार होती. शनिवारपर्यंत पैसे भरून घेऊन जा, नंतर मी महिनाभर परगावी आहे.

आता या कवळीचं असं होतं. काकूंचं हसू म्हणजे एके काळी गल्लीचा भोंगा होता. त्या हसल्या की चार घरांपलीकडचं तान्हं मूल जागं व्हायचं. पण पुढचे दात गेले आणि काकू तोंडावर हात धरून हसू लागल्या. पुढे पुढे तर हातच वर जायचा, हसू काही बाहेर यायचं नाही. उस्ताद त्यावर कधी काही बोलले नाहीत. फक्त परस्पर डॉक्टरकडे जाऊन काकूंचं माप घ्यायचा दिवस ठरवून आले होते.

"उद्या ठेवीतून काढतो," ते ऐटीत म्हणाले. "दोन मिनिटांचं काम!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोबाइल घेऊन बसले. खातेक्रमांक तोंडपाठ होता, तो त्यांनी सुरात म्हटला. मोबाइलने सदस्यक्रमांक मागितला. तो लेकीने कार्ड पाहून सांगितला. मग पासवर्ड. उस्तादांनी डोळे मिटले. आत काळोख! बांधली एक अटकळ. चूक. दुसरी. चूक. तिसरीला मोबाइल लालेलाल झाला.

"बाबा, खातं लॉक झालं," लेक म्हणाली.

"एवढंच ना!" उस्ताद सवयीने हत्यारांच्या पिशवीकडे वळले आणि मग आपणच खजील होऊन परत फिरले.

"थांबा, ओटीपी मागवते," लेक म्हणाली. "कुठल्या नंबरवर जाईल हा? बाबा! तुम्ही दुकानातल्या फोनचा नंबर दिलाय?"

तो फोन दुकानासकट विकला गेला होता. दुकानात आता चपलावाला बसायचा. उस्तादांनी त्याला फोन लावला.

"अरे, आत्ता एक आकडा आला असेल बघ. वाच!"

"आलाय," चपलावाला म्हणाला. "पण खाली लिहिलंय, कुणालाही सांगू नका."

"अरे, तो माझाच आहे!"

"असेल. पण कुणालाही म्हणजे कुणालाही, उस्ताद!"

"मी कुणीही आहे का रे? तुझ्या गल्ल्याचं कुलूप कुणी बसवलं?"

"तुमचा आवाज काढून दुसराच कुणी बोलत असेल तर? रोज पेपरात येतं. तुम्ही खरे असाल तर सांगा, परवा मी तुम्हाला कुठल्या चपला दाखवल्या?"

"तपकिरी! आणि दोन्ही डाव्या पायाच्या होत्या, गाढवा!"

"हां, म्हणजे उस्तादच. लिहून घ्या..."

तोवर ओटीपीची मुदत संपली होती. दुसरा मागवला, तेव्हा चपलावाल्याकडे गिऱ्हाईक आलं होतं. तिसरा त्याने चष्म्यावाचून वाचला. त्यानंतर कंपनीने ओटीपी पाठवणंच बंद केलं आणि 'संशयास्पद हालचाल' असा निरोप धाडला. संशयित कोण? खुद्द उस्ताद!

शनिवारी सकाळी उस्ताद, काकू आणि लेक अशी वरात निधीच्या ऑफिसात पोचली. खिडकीपलीकडच्या मॅडमनी ओळखपत्र पाहिलं, उस्तादांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि एक छोटं यंत्र पुढे सरकवलं.

"बोट ठेवा, काका."

ठेवलं. यंत्र गप्प. दुसरं ठेवलं. गप्प. दहाही बोटं झाली.

"हात धुऊन आलात का?"

"मॅडम, या बोटांवर जे काही होतं ते कानस घेऊन गेली," उस्ताद म्हणाले. "लोकांच्या किल्ल्या घासता घासता स्वतःची बोटंही घासली मी!"

मॅडमना हसू आलं, पण नियम तो नियम. "मग गुप्त प्रश्न विचारावे लागतील. लहानपणीचा जवळचा मित्र कोण?"

"गवंडी," उस्तादांनी खरं ते सांगून टाकलं.

"चूक. आवडीचं खाणं?"

"तळलेलं काहीही."

"चूक. तुम्ही कोणाला भिता?"

उस्तादांनी मागे बघून आवाज एकदम खाली आणला. "बायकोला."

"चूक. काका, असं कसं?"

"मॅडम, त्याचं काय झालं... मी सुरक्षेसाठी सगळं खोटं लिहिलं होतं."

"मग ते खोटं सांगा."

"तेच तर विसरलो!"

मॅडमनी कपाळाला हात लावला. "आता एकदाच विचारता येईल. पुन्हा चुकलं तर खातं मुख्य कचेरीकडे जाईल. चौकशी, तपासणी... सहा महिने तरी धरा."

उस्तादांच्या डोळ्यांपुढे डॉक्टरच्या कपाटात हसत बसलेली कवळी आली. जन्मभर लोकांची दारं उघडली आणि आज बायकोच्या तोंडावरचा हात तेवढा काढता येत नाही! ते खुर्चीत विरघळलेल्या मेणबत्तीसारखे बसून राहिले.

मागून काकूंचा आवाज आला. "खोटं लिहिलंय म्हणालात?"

"हो गं."

"मग आधी नाही का सांगायचं!" काकूंनी खुर्ची पुढे ओढली. "मॅडम, विचारा."

"उत्तर खातेदारानेच द्यायला हवं, काकू."

"देतील ना. मी नुसती आठवण करून देते. संसार केलाय मी यांच्याबरोबर."

मॅडमनी एकदा साहेबांच्या बंद दाराकडे पाहिलं. "लहानपणीचा मित्र?"

काकू उस्तादांच्या कानाशी लागल्या. उस्तादांचे कान लाल झाले. "शिंपी," ते पुटपुटले.

"बरोबर!"

"तो शिंपी दुकान मोडून मुलाकडे राहायला गेला, त्यालाही किती वर्षं झाली," काकूंनी मॅडमना माहिती पुरवली. "हे आपले अजून रोज त्याच्याकडे बसतात!"

लेक खोकू लागली. मॅडमनी ओठ दाबून दुसरा प्रश्न विचारला. "आवडीचं खाणं?"

"दोन... दोन केळी."

"बरोबर! आता शेवटचा. तुम्ही कोणाला भिता?"

उस्तादांनी केविलवाण्या नजरेने काकूंकडे पाहिलं.

"बघताय काय?" काकू डाफरल्या. "सांगा, कोणालाच भीत नाही!"

"असं म्हणू?"

"म्हणा म्हणते ना!"

"मी... मी कोणालाच भीत नाही," उस्ताद कापऱ्या आवाजात म्हणाले.

"बरोबर!" मॅडम ओरडल्या आणि टेबलावर डोकं ठेवून हसत सुटल्या. शेजारच्या खिडकीतले लोक उभे राहून बघू लागले. काकूही हसल्या, पण तोंडावर हात धरून.

नवा पासवर्ड काकूंनी ठरवला. उस्तादांनी तो विचारला नाही आणि काकूंनी सांगितला नाही. दुपार उलटायच्या आत डॉक्टरचे पैसे भरून झाले.

पुढच्याच आठवड्यात पत्त्यांचा डाव रंगला आणि उस्तादांना पुन्हा उशीर झाला. काकू दारातच उभ्या होत्या.

"कुठे होतात?"

उस्तादांनी सवयीने तोंड उघडलं, "शिंप्..." आणि चटकन मिटलं. इकडेतिकडे पाहिलं. गल्लीत माणसं होती.

"सांगता येणार नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "ते खात्याचं गुप्त उत्तर आहे. चारचौघांत उच्चारायला कंपनीची मनाई आहे!"

"आणि खाल्लंत काय?"

"तेही गुप्त आहे."

काकूंचा हात वर निघाला, अर्ध्यावर थांबला आणि खाली आला. मग त्या हसल्या! नवे दात विजेच्या उजेडात लखलखले आणि चार घरांपलीकडचं तान्हं मूल भोकाड पसरून जागं झालं.

उस्ताद त्या हसण्यात इतके गुंगले की काकू हसत हसत कधी आत गेल्या ते त्यांना कळलंच नाही. मोठ्या समाधानाने त्यांनी दाराला हात लावला, तेव्हा दाराला आतून कडी होती आणि काकू खिडकीत उभ्या राहून हसत होत्या.

"आधी खरं उत्तर," काकू म्हणाल्या. "मग दार."