हुकण्याचा सराव

महाविद्यालयाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचा हंगामपूर्व सराव यंदा शास्त्रशुद्ध पद्धतीने व्हावा, असा ठराव व्यवस्थापनाने एकमताने मंजूर केला. सभेला हजर असलेल्यांपैकी एकानेही आयुष्यात बास्केटबॉल हातात धरलेला नव्हता, त्यामुळे मतभेदाला जागाच नव्हती. खेळाडू किती चांगले खेळतात हे ज्याचे त्याचे मत असते, असे ठरावात म्हटले होते. खेळाडूंचा विकास किती झाला हे मात्र मोजता येते. म्हणून सरावाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी घ्यायची, शेवटी अंतिम चाचणी घ्यायची, आणि दुसरीतून पहिली वजा करायची. जे उरेल त्याला विकास म्हणायचे.

कोचला ठराव आवडला. इतकी वर्षे संघाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते. हॉलचे छत गळायचे, बॉलमध्ये हवा टिकायची नाही, आणि सामना असला की त्याच दिवशी हॉल वक्तृत्व स्पर्धेला दिलेला असायचा. आता निदान मोजायला तरी कोणीतरी येणार होते. त्याची नेमणूक दर वर्षी नव्याने होत असे, त्यामुळे व्यवस्थापनाचे ठराव आवडून घेण्याची त्याला सवयही होती.

चाचणी साधी होती. रेषेवर उभे राहून प्रत्येकीने दहा बॉल टाकायचे. संघाची कप्तान आडव्या अंगाची, रिंगखाली उभी राहिली की पलीकडचे दिसायचे नाही, म्हणून तिला सगळ्या ‘कपाट’ म्हणत. कपाटाचे दोन गेले. बाकीच्यांचे तीन, चार, कोणाचे पाच गेले, आणि एकीचा बॉल भिंतीवरच्या घड्याळाला लागून घड्याळ बंद पडले. शेवटी ढापणी आली. ढापणी म्हणजे कोचची सख्खी भाची. नाकावर जाड चष्मा, अंगावर मूठभर मांस. तिने सात टाकले, थांबून चष्मा पुसला, आणि उरलेले तीनही टाकले. दहाच्या दहा. कोच सर म्हणून गप्प राहिला, पण मामा म्हणून त्याची छाती फुगली ती दुपारपर्यंत खाली बसली नाही.

दुपारी त्याला हे मोजमाप ठेवणाऱ्या विकास कक्षात बोलावणे आले. कक्षाच्या प्रमुख मॅडम स्वभावाने अतिशय चांगल्या होत्या. त्यांच्या खोलीत कुंड्याच कुंड्या, आणि प्रत्येक रोपामागे भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा केलेल्या. एक रबराचे झाड तेवढे दाराबाहेर अंधाऱ्या बोळात ठेवलेले होते. त्याचे काय बिघडले, असे कोचने सहज विचारले. बिघडले काहीच नाही, छताला टेकले, असे मॅडम म्हणाल्या.

“तुमच्या भाचीचा प्रश्न गंभीर आहे,” त्या पुढे म्हणाल्या. “दहापैकी दहा.”

“हो ना. लहानपणापासून मीच शिकवलंय तिला.”

“मग ती आता जाणार कुठे?”

“जायचं कशाला?”

“विकास, सर. अंतिम चाचणीत तिचे फार तर दहा होतील. दहातून दहा गेले, शून्य. त्यातून एखादा हुकला तर उणे. संघात उणे खेळाडू घेऊन तुम्ही मैदानात उतरणार?”

कोचने आपल्या परीने सांगून पाहिले, की सामन्यात बास्केट मोजतात, विकास नव्हे. मॅडमनी ते शांतपणे ऐकून घेतले. त्या म्हणाल्या, की जिला काही शिकण्यासारखे उरलेलेच नाही तिच्यावर कोच, हॉल आणि बॉल खर्च करणे हा इतरांवर अन्याय आहे. तिच्या नावापुढे ‘विकासास वाव नाही’ असा शेरा पडेल आणि नाव संघातून निघेल. आता ढापणीला महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता तो खेळाडूंच्या राखीव जागेवर. संघातून नाव गेले की जागा जाणार, हे कोचला ठाऊक होते आणि मॅडमनाही. म्हणूनच त्यांनी मोठ्या मनाने पुनर्चाचणी देऊ केली. काही मुलींची तब्येत पहिल्या दिवशी बरी नसते; हिची नको तितकी बरी होती, असे धरू या, असे त्या म्हणाल्या.

संध्याकाळी कोच बहिणीकडे गेला. त्याची ताई लोकांना गाडी चालवायला शिकवण्याचा वर्ग चालवत असे, आणि आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसून ब्रेक दाबण्याने तिचे बोलणेही थोडे तसेच झाले होते. तिने सगळे ऐकून घेतले.

“म्हणजे तू हिला आता हुकायला शिकवणार?”

“थोडे दिवस, ताई. नुसतं पुनर्चाचणीपुरतं.”

“मीही उद्यापासून पोरांना आधी गाडी ठोकायला शिकवते. मग नुसती सरळ चालवली तरी केवढी प्रगती दिसेल.”

ताईचे म्हणणे खरे होते, पण ताईची नेमणूक दर वर्षी व्हायची नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मामा-भाचीने हुकण्याचा सराव सुरू केला. काम वाटले तितके सोपे निघाले नाही. बॉल कुठेही भिरकावून चालत नव्हते. रिंगला लागला नाही तर प्रयत्न ग्राह्य धरला जाणार नाही, असा नियम होता. ढापणीने डावीकडे नेम धरला, बॉल फळीवर आपटून आत गेला. चष्मा काढून बॉल टाकला, आत गेला. पाठ वळवून डोक्यावरून मागे टाकला तर रिंगभोवती फिरला आणि आत गेला. ती रडकुंडीला आली. मग कोचने एक युक्ती काढली. तो म्हणाला, तू सात-आठ वर्षांची असताना मी जे जे करू नको म्हणायचो, ते ते सगळे कर. कोपर बाहेर काढ, मनगट ताठ धर, बॉलकडे बघ, रिंगकडे बघू नकोस.

“ते तर मी कधीच विसरले, मामा.”

“मी नाही विसरलो,” कोच म्हणाला, आणि तिचे कोपर धरून त्याने स्वतः बाहेर ओढले. हे करताना त्याला अतिशय वाईट वाटले.

पुनर्चाचणीची बातमी लपून राहिली नाही. कपाट सगळ्यांना घेऊन विकास कक्षात गेली आणि म्हणाली, सरांच्या भाचीला मिळते तर आम्हाला का नाही. मुद्दा बिनतोड होता. मॅडमनी सगळ्यांनाच मुदत दिली, आणि हॉलमध्ये जे सुरू झाले ते कोचने आपल्या सगळ्या नोकरीत पाहिले नव्हते. एरवी हाका मारून आणाव्या लागणाऱ्या मुली त्याच्या आधी येऊन थांबू लागल्या. पायाची जागा, बोटांचा कोन, बॉलची गिरकी यांवर तास तास चर्चा होऊ लागल्या. कुठल्या कडेला बॉल लागला की तो खात्रीने बाहेर येतो, हे त्या एकमेकींना समजावून सांगत. चुकून एखादीचा बॉल आत गेला की बाकीच्या तिला धीर देत. संघभावना म्हणून तो वर्षानुवर्षे घसा कोरडा करत होता, ती ही होती. मुलींचा विकास झपाट्याने होत होता, फक्त तो मोजण्याची सोय ठरावात नव्हती.

पुनर्चाचणीत संपूर्ण संघाला शून्य मिळाले. ढापणीचा शेवटचा बॉल रिंगवर दोनदा फिरला, कडेवर टेकला, आत जातो की काय असे वाटले आणि बाहेर पडला. मुलींनी तिला उचलून नाचवले. कोचनेही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची त्याला पुढे फार लाज वाटली, पण त्या क्षणी त्याला एवढेच दिसत होते, की भाचीची जागा वाचली.

इतका खोल पाया कुठल्याच महाविद्यालयाने घातला नव्हता. प्राचार्यांनी फाटकावर ‘सर्वाधिक विकासक्षम संघ’ असा फलक लावला. कार्यक्रम झाला, त्यात प्राचार्य म्हणाले, की ज्यांना काहीच येत नाही त्यांचे भवितव्य सर्वांत उज्ज्वल असते, आणि व्यासपीठावरच्या सगळ्यांनी मनापासून माना डोलावल्या. विद्यापीठाने ही पद्धत सर्व महाविद्यालयांना लागू केली. त्याबरोबर एक सुधारणाही केली. नुसत्या चाचणीवर अवलंबून न राहता हंगामापूर्वीच्या सराव सामन्यातले गुणही पायाभूत गुणांत धरावेत, असे ठरले.

तो सामना शेजारच्या महाविद्यालयाशी झाला. हिरव्या जर्सीतल्या त्या मुलीही पूर्ण तयारीने आल्या होत्या. ठरावीक वेळात बॉल टाकलाच पाहिजे आणि तो रिंगला लागलाच पाहिजे, हे खेळाचे नियम सांभाळून दोन्ही संघ एकाहून एक सरस हुकत होते. प्रेक्षकांत आई-वडील होते, आजी-आजोबा होते. बॉल रिंगवर फिरू लागला की सगळे जागेवर उभे राहायचे, आणि तो बाहेर पडला की हॉल दणाणून जायचा. कपाटाचे वडील शेजारच्याला सांगत होते, की आमची घरीही तासन्‌तास हेच करत असते. मध्यंतराला गुण शून्य-शून्य होते. सामना संपला तेव्हाही तेवढेच होते.

आता बास्केटबॉलमध्ये बरोबरी नसते. कोणीतरी जिंकेपर्यंत जादा डाव खेळावा लागतो. पंचाने एक जादा डाव खेळवला, मग दुसरा, मग तिसरा. चौथ्या डावात कोणाच्या तरी घामेजल्या हातातून बॉल सटकला आणि उसळून थेट ढापणीकडे आला. आजूबाजूला कोणी नव्हते. ती इतकी दमली होती, की हुकायचे कसे हे आठवायला तिला वेळच मिळाला नाही. कोपर आपले आपण आत आले, मनगट वळले, आणि बॉल रिंगला न शिवता जाळीतून खाली पडला.

हॉल चिडीचूप झाला. ढापणी मात्र हसली. इतक्या दिवसांनी ती अशी हसत होती, आणि हसत तिने मामाकडे पाहिले. कोच ताडकन उठला. टाळी वाजवायला त्याचे दोन्ही हात वर गेले, तेवढ्यात पहिल्या रांगेतले प्राचार्य त्याच्या नजरेस पडले. वर गेलेल्या हातांनी त्याने केस सारखे केले आणि खाली बसला. ढापणीने ते पाहिले.

सामना जिंकल्याबद्दल तक्रार झाली, आणि ती जिंकलेल्या महाविद्यालयानेच केली. या एका बास्केटमुळे संघाचा पाया वर आला होता आणि फलक धोक्यात आला होता. मॅडमनीच तोडगा सुचवला. प्राचार्यांनी कोचला खोलीत बसवून कोरा कागद पुढे केला.

“ती मुलगी संघात कधीच नव्हती, एवढं लिहा.”

“मग बास्केट कोणी टाकली?”

“कोणीच नाही. म्हणजे गुण शून्य-शून्य. म्हणजे सामना अजून चालू आहे.”

नियमाने हे खरे होते. दुसऱ्या महाविद्यालयाने तर आनंदाने संमती दिली. सामना संपत नाही तोवर हंगामपूर्व सराव संपत नाही, आणि हंगाम सुरू होत नाही तोवर कोणी हरत नाही. तेव्हापासून दर शनिवारी दोन्ही संघ जमतात, एक जादा डाव खेळतात आणि घरी जातात. गर्दी अजून चांगली असते.

कोचने लिहून दिले. तो भ्याला, असेच सरळ म्हणावे लागेल. त्याची पुढच्या वर्षाची नेमणूक त्याच आठवड्यात पक्की झाली. ढापणीची जागा गेली.

बरेच दिवस टाळून एका सकाळी तो बहिणीकडे गेला. ताईने पाण्याचा तांब्या त्याच्यासमोर ठेवला आणि शिकाऊ गाडी घेऊन निघून गेली. घरामागच्या मोकळ्या जागेत, त्यानेच पूर्वी खांबाला ठोकून दिलेल्या रिंगमध्ये भाची बॉल टाकत होती. बॉल कडेवर लागला, अलगद बाहेर पडला. दुसरा तसाच पडला, तिसराही. त्याने शिकवलेले एकही कसब ती विसरली नव्हती.

“मामा, आता जातच नाही रे,” ती म्हणाली. “बघ ना, कोपर कुठे जातंय माझं?”

कोच तिच्या मागे जाऊन उभा राहिला, ती सात वर्षांची असताना उभा राहायचा तसा, आणि त्याने तिचे कोपर हळूच आत घेतले.

इथवर ऐकले की सगळे एकच विचारतात. मग ती पुन्हा पूर्वीसारखी टाकायला लागली का? दहापैकी आता किती जातात? विचारणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. मॅडमच्याही मनात ती होती. तुम्हीही आत्ता तेच विचारणार होतात, म्हणून विकास कक्षाला तुमचे नाव कळवून ठेवले आहे.