ढोकेकाकांचा कीबोर्ड

आमच्या स्मृती नगरात ढोकेकाकांकडे कोणी आलं की ते आतूनच ओरडत, "मारा, एंटर मारा!" पाहुणा घाबरून एक पाऊल मागे घ्यायचा. मग काका म्हणायचे, "अरे बापा, आत ये म्हणून राहिलो!"

काका पोलादाच्या प्लांटमधल्या, हजेरी नोंदणाऱ्या टाइम ऑफिसातून क्लार्क म्हणून रिटायर झाले आणि एकोणीसशे नव्वदनंतरच्या त्या वर्षांत त्यांना कॉम्प्युटरनं झपाटलं. तो सगळ्यांत आधी रेजांना शिकवायचा, हे त्यांनीच ठरवलं. रेजा म्हणजे ठेकेदाराकडे विटा-रेती वाहणाऱ्या छत्तीसगढी बाया. कॉम्प्युटर अर्थातच नव्हता. काकांनी अंगणात चुन्यानं भलामोठा कीबोर्ड आखला, एकेक अक्षर पाटाएवढं.

संध्याकाळी काम सुटलं की सहा बाया पदर खोचून त्यावर उड्या मारत. "पी! एच! अरी फुलबाई, उधर कावून गई? वो वाय है!" दमलेल्या दोघी स्पेसबारवर खुशाल बसकण मारत.

मी एकदा म्हटलं, "काका, बोटांनी शिकवा ना."

"पयले पायाले पाठ होऊ दे. बोटं त काय, पायाचेच लहान भाऊ!"

नेहरू नगरात तेव्हा एक कॉम्प्युटर क्लास निघाला होता. काकांनी रेजांसाठी तिथल्या सरांचा पिच्छाच पुरवला. शेवटी सर वैतागून म्हणाले, "एकीनं जरी स्वतःचं नाव टाइप केलं, तर दर रविवारी एक तास तुमचा."

आमची वरात निघाली. एसीत बाया कुडकुडायला लागल्या. कीबोर्ड पाहून फुलबाईला तर हसूच आवरेना. "गुरुजी, ए तो अब्बड़ छोटे हे! पाँव कहाँ राखंव?"

मग टेबलाखाली तिचे पाय डावे-उजवे सरकू लागले आणि वर एक बोट त्यांच्या मागोमाग. पडद्यावर हिरवं नाव उमटलं, एकही चूक नाही. बायांनी असा कल्ला केला की सरांनी रविवार तिथंच कबूल केला.

"अब तुम, गुरुजी!" बाया ओरडल्या.

काका दाराशीच उभे. पुढे येईनात. माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "मी रिटायर झालो अन् मंग ऑफिसात कॉम्प्युटर आला. पाहाले गेलो, पण माह्या खुर्चीवर दुसराच बसला होता, दारातूनच वापस आलो. पुस्तकातल्या चित्रावरून शिकलो रे. हात कधी लावलाच नाही."

फुलबाईला मराठी किती कळलं कोण जाणे. तिनं काकांना खुर्चीत बसवलं, त्यांचं बोट धरलं आणि 'डी'वर टेकवलं. अक्षर उमटलं. काका त्याच्याकडे बघतच राहिले.

"अब एच, गुरुजी," फुलबाई म्हणाली. बोट तिनं सोडलं नव्हतं.