समुद्राकडे पाठ

पाक पोनिमन, म्हणजे आमच्या पोनिमनरावांना, आयुष्यात डावं-उजवं कधी लागलंच नाही. आमच्या जावातल्या बांतुलकडच्या गावात ते कुणालाच लागत नाही. मीठ कुठं आहे विचारलं तर पूर्वेच्या फळीवर, आणि बाकावर जागा हवी असेल तर जरा दक्षिणेला सरका. त्यामुळे जकार्तात पुतण्या दानांग ‘डावीकडचा जिना’ म्हणाला, की पोनिमन आधी स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत आणि मग बायकोकडे, वागिनेमकडे.

सहलीचा तो शेवटचा दिवस होता. संध्याकाळी परतीची गाडी, आणि वागिनेमचं मोनास अजून राहिलेलं. तिसरीच्या पुस्तकात तिनं त्या उंच मनोऱ्याचं चित्र पाहिलं होतं, शेंड्यावर सोन्याची ज्योत असलेलं. तेव्हापासून तिला एकदा तिथं वर जाऊन उभं राहायचं होतं. त्यासाठी तिनं हिरवा कबाया, सणासुदीचा लांब बाह्यांचा पोलका, ट्रंकेत जपून आणला होता आणि सकाळी सहापासून तो घालून बसली होती.

दानांगला कामावर जायचं होतं. अर्धी रजा टाकतो म्हणाला, तर पोनिमनना ते लागलं. गावात घराचा पाया खणायचा तर दिशा दाखवायला यांनाच बोलावतात. असल्या माणसाला वाटाड्या? दानांगला काकांचा स्वभाव ठाऊक होता. त्यानं त्यांच्याच भाषेत समजावलं, “पाकदे, उत्तरेची मेट्रो धरा, शेवटच्या स्टेशनला उतरा, तिथून उत्तरेचीच बस. वर जायची लिफ्ट तीनला बंद होते, तेवढं सांभाळा.”

ब्लॉक एमच्या स्टेशनात दोन फलाट, आणि आभाळ असं झाकोळलेलं की सूर्याचा पत्ता नाही. पण पोनिमन डगमगणारे नव्हेत. आमच्याकडे समुद्र दक्षिणेला आणि मेरापीचा डोंगर उत्तरेला. सूर्य नसला तर समुद्राकडे पाठ करावी, समोर उत्तर. त्यांनी रखवालदाराला समुद्र कुठं म्हणून विचारलं. त्यानं चमकून पाहिलं, पण अदबीनं अंगठ्यानं दिशा दाखवली. पोनिमननी समुद्राकडे पाठ केली आणि समोरच्या दिशेला जाणारी गाडी पकडली.

वागिनेम काचेला नाक लावून बसली. छपरांवरून गाडी चाललीय याचंच तिला केवढं अप्रूप. शेवटचं स्टेशन आलं, लेबाक बुलुस. खाली पोनिमननी पुन्हा समुद्र विचारला, पुन्हा पाठ फिरवली, आणि एक बस धरली. हिशोब चोख होता. फक्त बस जसजशी पुढे जाई, तसतशा इमारती बुटक्या होत होत्या.

चिपुतातच्या बाजारात बस रिकामी झाली. साडेबारा वाजले होते. आजूबाजूला कोबीचे ढीग, कोंबड्या, आणि पाण्याची एक उंच टाकी. पोनिमननी टाकी खालपासून वरपर्यंत न्याहाळली.

“सोनं काढून नेलेलं दिसतंय,” ते म्हणाले.

वागिनेमनं कबायाची बाही नीट केली आणि पेचेल, म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीतली भाजी, विकणाऱ्या बाईकडे गेली. बाई निघाली क्लातेनची, म्हणजे आमच्याच बाजूची. सगळी हकिकत ऐकून ती पदराआड हसली. “बुदे, इथं समुद्र उत्तरेला असतो. तुम्ही सकाळपासून दक्षिणेला चालला आहात.”

वागिनेमनं वळून पाहिलं. पोनिमन पायरीवर बसले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून. अख्ख्या गावाच्या घरांना दिशा देणारा माणूस. त्याला भर बाजारात, कोबीच्या साक्षीनं हे सांगायचं तिच्या जिवावर आलं. पण मोनासही सोडवेना. तेव्हा तिनं तिसरी वाट काढली.

“पाकने, उत्तर कुठली?” तिनं नवऱ्याला विचारलं.

पोनिमननी समुद्राची चौकशी केली आणि अंगठ्यानं दिशा दाखवली, या वेळी जरा हळू.

“बरं,” म्हणून ती समोरच्या थांब्याकडे चालू लागली.

“अगं, मी इकडे म्हणालो.”

“इकडच्या बसला गर्दी आहे. चला.”

मेट्रोतही तिनं उत्तर विचारून घेतली आणि दुसऱ्या फलाटावर जाऊन उभी राहिली, म्हणे इकडे वारा फार लागतो. पुढं गाडी बोगद्यात शिरली तेव्हा पोनिमन डोक्यातली उत्तर सांडू नये म्हणून डोळे मिटून बसले. शेवटच्या बसला तिला दुसऱ्या बाजूच्या बसचा रंग आवडला. कधी कधी चुकणाऱ्या माणसाचा भरवसा धरता येत नाही. पण दर वेळी नेमकं तेवढंच चुकणाऱ्या नवऱ्यावर डोळे मिटून विसंबावं, हे तिला चाळीस वर्षांच्या संसारात कळलं होतं.

तीनला पाच मिनिटं कमी असताना दोघं मोनासच्या आवारात धावत होती, वागिनेमच्या चपला हातात. लिफ्टवाला साखळी लावतच होता. त्यानं तो कबाया पाहिला, तो घाम पाहिला, आणि साखळी पुन्हा काढली.

वर गेल्यावर वागिनेम थेट कठड्याशी गेली. खाली अख्खं शहर पसरलेलं, आणि पलीकडे समुद्र. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. पोनिमन मात्र कठड्यावरच्या पाटीपाशी थबकले होते. पाटीवर ‘उत्तर’ लिहिलं होतं. त्यांनी पाटी वाचली, समुद्र पाहिला, परत पाटी वाचली.

“बुने, यांचा समुद्र चुकीच्या बाजूला आहे,” शेवटी ते म्हणाले.

“असू दे. छान आहे.”

दुपारपासून बायको दर वेळी उलट्या बाजूला का चालली, ते पोनिमनना आता समजलं. लिफ्टवाला हाका मारू लागला होता. ते पूर्वेच्या कठड्याला तिला उभं करून घाईनं फोटो काढू लागले. ती चौकटीच्या कडेला येत होती.

“जरा दक्षिणेला सरक.”

पोनिमननी आयुष्यात पहिल्यांदा आपली दक्षिण बदलली होती; त्यांना म्हणायची होती जकार्ताची, खरीखुरी. वागिनेमला ते काय ठाऊक? नवऱ्याची दक्षिण अजून समुद्राकडेच, असं धरून त्याचं मन राखायला ती मुकाट्यानं समुद्राकडे सरकली. पोनिमननी कळ दाबली.

तो फोटो त्यांच्या पुढच्या खोलीत टांगला आहे. जकार्ताची छपरं, आणि कडेला एक हिरवी बाही. यात वागिनेम कुठं आहेत, असं पाहुणे हटकून विचारतात.

“थोडी उत्तरेला,” पोनिमन सांगतात.

स्वयंपाकघरातून आवाज येतो, “कुठल्या?”