उत्तम रनिंग बॅक ठरवणारी शनिवार समिती

माणूस गेल्यावर घरात जी शांतता उरते तिची विल्हेवाट लावणं ही समाजाची जबाबदारी आहे. भारतात ही व्यवस्था चांगली आहे. लोक कोणत्याही वेळी येतात, बसतात, उसासे टाकतात आणि उठून जातात. मिनेसोटात शेजारी आधी फोन करतात, नातेवाईक विमानाने येऊन विमानाने परत जातात, आणि ऑफिसातले लोक सगळ्यांच्या सह्यांचं एक कार्ड देतात. त्यामुळे आमच्या ईडन प्रेरी गावातल्या मराठी माणसांना भेटायला येण्यासाठी शनिवार तेवढा उरतो. (रविवारी लॉन कापायचं असतं.)

माझी बायको पद्मजा १९८४ च्या ऑगस्टअखेरीस गेली. त्यानंतरच्या एका शनिवारी तीन कुटुंबं भेटायला आली. बायका पिठलं-भाताची भांडी घेऊन किचनमध्ये गेल्या. पुरुष फॅमिली रूममध्ये माझ्यासमोर बसले. श्रीरंग माझ्याच कंपनीतला इंजिनियर, नागपूरचा. हेमचंद्र भूल देणारा डॉक्टर. प्रताप इन्शुरन्स कंपनीत, कोण किती वर्षं जगेल याची आकडेमोड करणारा. तिघेही हुशार. तिघांनाही काय बोलावं ते कळेना. मलाही कळेना, पण त्या दिवशी मला सूट होती.

शेवटी हेमचंद्रने टीव्ही लावला. "आवाज बंद ठेवतो," तो म्हणाला. कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलची मॅच चालू होती. आम्ही चौघांनी ती संपूर्ण, बिनआवाजी, अत्यंत गंभीरपणे बघितली.

आपल्यात अशा घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. पुन्हा अशा कारणासाठी यायची वेळ येऊ नये म्हणून. नुसतं उठायचं आणि चालू लागायचं. पण अमेरिकेत दारात बूट घालावे लागतात, आणि नाड्या बांधून होईपर्यंत गप्प राहणं शिकलेल्या माणसाला झेपत नाही. श्रीरंग वाकल्या वाकल्या म्हणाला, "पुढच्या शनिवारी नेब्रास्काची मॅच आहे."

"रनिंग बॅक चांगले काढतात ते," हेमचंद्र म्हणाला.

"ओक्लाहोमापेक्षा? काहीतरीच काय यार," प्रताप म्हणाला.

समितीची स्थापना अशी झाली.

समितीपुढे विषय एकच होता: अमेरिकेतल्या कोणत्या कॉलेजात सर्वांत चांगले रनिंग बॅक तयार होतात. (रनिंग बॅक म्हणजे चेंडू काखेत दाबून पळणारा गडी. बाकीचे त्याला पाडतात.) आमच्यापैकी कोणीही तो चेंडू कधी हातात धरलेला नव्हता, त्यामुळे निःपक्षपातीपणाची खात्री होती. श्रीरंगने नेब्रास्कात एम.एस. करताना लायब्ररीत बसून स्टेडियममधला आरडाओरडा ऐकला होता, म्हणून तो तज्ज्ञ. हेमचंद्र सदर्न कॅलिफोर्नियाच्या बाजूचा, कारण तिथे त्याची बहीण राहते आणि हवा बरी आहे. प्रतापने ओक्लाहोमा धरलं. त्याचं कारण आकड्यांत होतं, आणि ते ऐकून घेण्याइतका धीर कोणापाशी नव्हता. मला एकमताने अध्यक्ष केलं. अध्यक्षाला फारसं बोलावं लागत नाही.

मी अध्यक्ष म्हणून एकच नियम केला. दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी हेमचंद्र चिप्स पिठल्यात बुडवता बुडवता म्हणून गेला, "आत्ता वहिनी असत्या तर..." आणि थांबला. सगळ्यांनी टीव्हीकडे बघितलं. टीव्हीवर जाहिरात चालू होती. मी म्हणालो, "विषय सोडून बोलायचं नाही." तेव्हापासून तो नियम. निघताना श्रीरंगने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि "सावरलास," असं म्हणाला.

समितीच्या कामाबद्दल माझी काही तक्रार नाही. पायाचा वेग, खांद्याची रुंदी, पडल्यावर उठायला लागणारा वेळ अशा निकषांवर चर्चा झाली. हेमचंद्रने गुडघ्याची रचना पेपर नॅपकिनवर काढून दाखवली. प्रतापने सरासरी काढली, मग सरासरीची सरासरी काढली.

खरी अडचण किचनची होती. किचनमध्ये बायका पद्मजाबद्दल बोलायच्या. भिंतीतून शब्द नीट कळायचे नाहीत, पण मध्येच तिचं नाव यायचं, आणि मग हसणं. तिच्या कोणत्या गोष्टीवर त्या हसताहेत ते मला ऐकायचं होतं. म्हणून मी उठून किचनमध्ये जायचो. मी गेलो की सगळ्या गप्प. श्रीरंगची बायको विनीता विचारायची, "भावजी, काही हवंय?"

"बर्फ," मी म्हणायचो.

ऑक्टोबरपर्यंत मला बर्फ फार आवडतो हे गावभर झालं. दिवाळीला प्रतापने मला बर्फ ठेवायची स्टीलची बादली भेट दिली. (मी कोक बिनबर्फाचा पितो. दात दुखतात.)

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी मतदान ठेवलं. प्रत्येक सभासदाने आपापल्या कॉलेजला मत दिलं. तीन कॉलेजांना एकेक मत पडलं आणि निर्णय अध्यक्षाकडे आला. तिघेही माझ्याकडे बघत बसले. एवढ्या दिवसांत ते माझ्याकडे सरळ पहिल्यांदाच बघत होते.

मी म्हणालो, "पद्मजाची पद्धत वेगळी होती. टीव्हीवर ज्याची आई दाखवतील तो मुलगा चांगला, असं ती म्हणायची. आईच्या मांडीवर डबा असला तर फारच चांगला."

किचनमधला आवाज बंद झाला. फॅमिली रूममधला त्याआधीच बंद झाला होता.

श्रीरंगने चष्मा काढून पुसला. "किती वेळा खरं ठरायचं?" त्याने हळूच विचारलं.

"बऱ्याचदा."

"सॅम्पल किती पण?" प्रताप म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता, पण प्रश्न नेहमीचाच होता.

हेमचंद्र घसा खाकरून म्हणाला, "वहिनींचा मुद्दा चांगला आहे. पण आई घरची असते, गुरुदत्त. आपला विषय कॉलेजचा आहे. विषयावर ये."

नियम माझाच होता. मी विषयावर आलो.

तेवढ्यात विनीता हात पुसत दारात आली. "डबा नाही हो भावजी, थर्मास. पद्मजाताई म्हणायच्या, थर्मास घेऊन येते तीच खरी आई. त्यावरून एकदा काय झालं माहितीये..."

तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. आत ज्यावर हसायच्या ते हेच असणार. मला फक्त "काय झालं?" एवढं विचारायचं होतं.

मी तिला सांगितलं की मतदान चालू आहे.

"सॉरी हां," असं म्हणून ती आत गेली. मी एका कॉलेजचं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. दोघांनी निषेध नोंदवला. बूट घालताना सगळ्यांचं मत पडलं की हा सीझन फार छान गेला.

मी कोणत्या कॉलेजला मत दिलं ते इथे लिहिलेलं नाही. हा मजकूर ज्यांना ज्यांना वाचून दाखवला त्यांनी शेवटी तेच विचारलं, आणि तुम्हीही ते शोधायला दोन ओळी मागे जाऊन आला असाल. पद्मजा कशाने गेली, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. तेही मी वर कुठे सांगितलेलं नाही, आणि त्यावाचून तुमचं काही अडलं नाही.