मोरतळं जोडीला

आठवीच्या सहलीत हर्षालीला जोडीदार म्हणून मोरतळं मिळालं. घोडेटेक चढताना प्रत्येकानं जोडीनं चालायचं असा सपकाळ बाईंचा नियम होता, आणि बाकीच्यांच्या जोड्या बसमध्येच ठरून गेल्या होत्या. हर्षाली कुणाला विचारायला गेली नव्हती, म्हणून ती उरली. टेकाच्या पायथ्याशी सगळे उतरले तेव्हा तळं काठापर्यंत आलं आणि म्हणालं, "हिच्याबरोबर मी येऊ का?"

बाईंनी चष्मा पुसला. "पालकांची परवानगी आहे?"

"ओढ्याची घ्यावी लागेल," तळं म्हणालं, "पण तो डिसेंबरात गावात नसतो."

"मग राहू दे. फक्त वाटेत सांडासांड नको." बाई हर्षालीकडे वळल्या. "हे बघ, जोडीदाराची जबाबदारी जोडीदारावर. जसं नेशील तसं परत जागेवर आणून सोडायचं. संध्याकाळी गावची गुरं पाण्यावर येतात. उगाच मला सरपंचांची बोलणी नकोत."

हर्षालीनं मान हलवली आणि तळ्याचा काठ हातात धरला. तो गार आणि थोडा शेवाळलेला होता.

पायवाट अरुंद होती, त्यामुळे तळ्याला बारीक आणि लांब होऊन चालावं लागलं. मासे त्यानं मधोमध घेतले होते. मागच्या जोड्या सारख्या खोळंबत होत्या.

"ए हर्षाली, तुझ्या तळ्याला आवर की जरा! माझे बूट भिजले!" तनिष्का ओरडली. तनिष्काचा आवाज मोठा होता, म्हणून शाळेत प्रतिज्ञा सांगायला तिलाच उभं करत.

"तुम्हाला दम लागला का?" हर्षालीनं तळ्याला हळूच विचारलं.

"अगं, जोडीत कसलं अहो-जाहो?" तळं म्हणालं. "दम लागला तरी वर जायचंच आहे. टेकावरून उतरणारा जो तो म्हणतो, वरून तळं काय देखणं दिसतं हो! इतकी वर्षं नुसतं ऐकून घेतलं. मंडळी म्हणतात ते एकदा आपल्या डोळ्यांनी बघावं."

"मी पण नाही पाहिलं अजून," हर्षाली म्हणाली. एवढं लांब वाक्य ती शाळेत आठवड्यातून एखादंच बोलत असे.

सहलीची तयारी बाईंनी मन लावून केली होती. थंडीचे दिवस म्हणून सगळ्यांना कानटोप्या आणायला सांगितल्या होत्या, आणि पिशव्या जड होतात म्हणून रेनकोट आणू नयेत असं फळ्यावर लिहिलं होतं. अर्ध्या वाटेवर धुकं उतरलं. माथ्यावर पोचेपर्यंत पुढच्या जोडीची फक्त टोपी दिसू लागली. डबे उघडले तेवढ्यात वारा आला, धुकं बाजूला झालं आणि सगळे कठड्याशी धावले.

खाली चिखलाचा एक मोठा खड्डा होता. त्यात एक म्हैस उभी राहून इकडेतिकडे बघत होती.

"हेच का ते?" तळ्यानं विचारलं.

तनिष्का म्हणाली, "बाई, पण तळं तर इथं वर आलंय. मग खाली कसं दिसणार?"

"तेच तर मी म्हणते," बाई म्हणाल्या. "इतक्या जणांत एकाच्याही लक्षात येऊ नये?"

हर्षालीनं आपल्या चपातीचे तुकडे करून माशांना टाकले. ते त्यांनी आवडीनं खाल्ले, तसं तळ्यालाही जरा बरं वाटलं.

मग पाऊस आला. पावसाळासुद्धा लाजेल असा आला. कानटोप्या भिजून डोळ्यांवर आल्या, भाजीत पाणी साचलं, आणि बाईंनी सहल संपल्याचं जाहीर केलं. तळं पावसात खुशाल होतं, पण ते जड झालं आणि उताराला लागल्यावर त्याला धीर धरवेना. दोनदा ते भलत्याच घळीत शिरू लागलं. हर्षालीनं टाचा रोवून, दोन्ही हातांनी काठ ओढून त्याला वाटेवर आणलं.

पायथ्याशी आले तर तळ्याच्या जागी पावसाचं लाल, गढूळ पाणी ऐसपैस बसलं होतं.

"ही जागा आमची आहे," तळं म्हणालं.

"रुमाल टाकला होता का?" पाण्यानं विचारलं.

तळ्यानं हर्षालीकडे पाहिलं आणि हर्षालीनं बाईंकडे. बाई रोज एस.टी.नं शाळेत येत, त्यामुळे त्यांना वाद घालता येईना. "नियमानं त्यांचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "निघताना रुमाल टाकायला हवा होता. आता याला शाळेतच न्यावं लागेल. खो-खोचं मैदान आहे मागे."

"बाई! मग खो-खो?" तनिष्कानं विचारलं.

"पोहायला शिका."

तेवढ्यात गावची गुरं आली. त्यांनी लाल पाण्याचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. तळ्यानं मासे आणखी मधोमध ओढून घेतले. हर्षालीचे कान तापले.

"अहो," ती पाण्याला म्हणाली, "ह्यांच्याजवळ लहान पोरं आहेत."

"काय? मोठ्यानं बोल, बाळ. वरून पाऊस वाजतोय."

"लेकुरवाळं आहे!" हर्षाली ओरडली. तनिष्कासुद्धा दचकली. "मासे आहेत जवळ! सकाळपासून उभेच आहेत सगळे!"

पावसाच्या पाण्यानं वाकून पाहिलं. मासे एकमेकांना चिकटून दाटीवाटीनं उभे होते.

"अगं बाई, मग आधी नाही का सांगायचं!" पाणी म्हणालं. "ए, सरका रे जरा. त्या खडकाकडं जागा आहे बघा. आधी पोरांना आत घ्या."

पाणी सरकलं. आधी मासे गेले, मग तळं हळूहळू आत बसलं. जागा थोडी अपुरी पडली, म्हणून रस्त्याचा एक कोपरा घ्यावा लागला आणि ड्रायव्हरनं काही न बोलता बस मागे घेतली. तळ्याच्या बाजूनं गुरं पाणी प्यायला लागली.

"लांबून आलात?" जरा स्थिरावल्यावर तळ्यानं शेजारच्या पाण्याला विचारलं.

"वरूनच," पाणी म्हणालं. "येताना तुम्हाला पाहिलं की. टेकाच्या माथ्यावर होतात. लांबच लांब, हिरवंगार, आणि एका मुलीनं काठ घट्ट धरून ठेवलेला."

तळं जरा जवळ सरकलं. "कसं दिसत होतं?"

"देखणं," पाणी म्हणालं.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तळ्यानं पाण्याला ते पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं. हर्षालीनं ते उभं राहून शेवटपर्यंत ऐकलं आणि मग ती बसकडे पळाली.