चर्चच्या रोखाने पॅनल

प्रोद्रोमोसने गच्चीवर सोलर पॅनल बसवायचं ठरवलं ते ख्रिसांथीच्या ओव्हनसाठी. वीज कंपनीची अट साधी होती: पॅनलचं तोंड बरोबर पश्चिमेला हवं, म्हणजे संध्याकाळी सगळं गाव एसी लावतं तेव्हा वीज मिळते. अट पाळली तर अनुदान, आणि अनुदानातून ओव्हन. लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी बिचारी बायको दर रविवारी मटणाची परात बेकरीत भाजायला नेत होती.

"माझ्या चादरी वाळतात ना, तिकडे तोंड कर," ख्रिसांथी म्हणाली. "तिथे सूर्य बुडेपर्यंत ऊन असतं."

"हे शास्त्र आहे, धुणं नव्हे," असं म्हणून प्रोद्रोमोसने तिची दोरी सोडली आणि मागच्या अंगणात सावलीला नेऊन बांधली.

शास्त्र म्हणजे काय, तर चर्च. (फोनमधलं होकायंत्र गच्चीतल्या सळयांपाशी गरगर फिरत होतं, त्यापेक्षा देव बरा.) सेंट निकोलसच्या चर्चमध्ये तो चाळीस वर्षं भजनं गात होता. वेदी पूर्वेला असते हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे दरवाजा पश्चिमेला. त्याने दरवाजाच्या रोखाने पॅनल ठोकून घेतले.

तपासणीला कंपनीची मुलगी आली. तिने आपल्या यंत्राने तीनदा मोजलं.

"काका, तीस अंशांनी चुकलंय."

"अशक्य. ते चर्च बघ."

"मग चर्चही चुकलंय."

प्रोद्रोमोसला दरदरून घाम फुटला. चाळीस वर्षं आपण भलतीकडे तोंड करून गातोय? तो धावत जाऊन फादर अँथिमोसना घेऊन आला.

"चर्च कसं चुकेल?" फादर म्हणाले. "सेंट निकोलसच्या सणाला, सहा डिसेंबरला, सूर्य जिथे उगवतो तिकडे आपली वेदी आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला सरकतो, बाबा."

"मग खरी पूर्व कुठेय?"

"मला काय ठाऊक? मी बदलून आलोय."

"निदान पश्चिम तरी?" प्रोद्रोमोस रडवेला झाला.

मुलीने बोट दाखवलं. समोरच्या कठड्यावर जुन्या दोरीचे दोन खिळे तेवढे उरले होते. ख्रिसांथी खाली जाऊन ओलसर चादरी उलटवायला लागली, आणि प्रोद्रोमोसला मनापासून लाज वाटली.

"मुदत आहे अजून. पॅनल फिरवा," नवा अर्ज देत मुलगी म्हणाली. "पण या वेळी दिशा जाणकाराकडून ठरवून घ्या. त्यांची सही इथे."

रविवारी बेकरीच्या रांगेत, सगळ्या गावादेखत, प्रोद्रोमोसने बायकोपुढे अर्ज आणि पेन धरलं. तिने सावकाश वाचून सही केली आणि मटणाची परात त्याच्या हातात दिली.

"नीट धर," ती म्हणाली. "शास्त्र आहे, सांडशील."